किरकोळ खातं

सांगली जिल्ह्यात साखर वाढली की माणसं खूश होतात. शंभर किलो ऊस गाळल्यावर त्यातून किती किलो साखर निघाली, हा आमच्याकडचा सर्वांत जिव्हाळ्याचा आकडा. त्याला साखर उतारा म्हणतात. सरकार उसाचा किमान दर बांधतं तो सव्वादहा टक्के उतारा धरून, आणि त्याच्यावर उतारा जेवढा चढेल तेवढे पैसे जादा. त्यामुळे दशांश चिन्हाच्या उजवीकडच्या आकड्यावरून इथं माणसं हमरीतुमरीवर येतात. उतारा बाराच्या पुढं सरकला तर चहाच्या गाड्यावरसुद्धा दुसरा विषय नसतो. अशा मुलखात, एका सहकारी साखर कारखान्याच्या हिशेब खात्यात सबंध नोकरी काढलेल्या माणसाच्या हातात रक्ताचा रिपोर्ट पडला. त्यावर लिहिलं होतं ६.१ टक्के. आमच्या ह्यांनी चष्मा वर सरकवला, आकडा पुन्हा वाचला आणि म्हणाले, "एवढा कमी?"

मिरजेच्या डॉक्टरांना असले पेशंट नवे नाहीत. ते शांतपणे म्हणाले, "काका, इथं उतारा वाढलेला चालत नाही." मग त्यांनी कागदावर गोल काढून समजावलं. तांबड्या रक्तपेशीत हिमोग्लोबिन असतं, रक्तात साखर जितकी जास्त तितकी ती त्याला चिकटते. पेशी जगते साधारण एकशेवीस दिवस. म्हणून एचबीए१सी नावाची ही तपासणी म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी. आकडा ५.७ च्या खाली असेल तर काळजी नाही, ६.५ पासून पुढं मधुमेह, आणि मधल्या पट्ट्यात जो असेल तो बॉर्डरवर. उपाशीपोटीची साखर १०० ते १२५ च्या दरम्यान असली तरी तेच.

"तीन महिन्यांची सरासरी" हे ऐकून ह्यांचा चेहरा पडला. कारण तपासणीच्या आधीचे तीन दिवस त्यांनी गोड बंद ठेवलं होतं, भात निम्मा केला होता आणि रोज सकाळी डोळे मिटून कारल्याचा रस घेतला होता. मार्चअखेरीला ताळेबंद सजवायची जुनी सवय, दुसरं काय! उपाशीपोटीची साखर या युक्तीला थोडीफार भुललीही असेल. पण रक्तपेशींनी दिवाळीपासूनची नोंद ठेवली होती, आणि त्यात खाडाखोड करता येत नव्हती.

डॉक्टरांनी धीरही दिला. म्हणाले, बॉर्डरवरून माघारी फिरता येतं. अमेरिकेत २००२ साली एक मोठा अभ्यास झाला. बॉर्डरवरच्या माणसांनी वजन सात टक्के कमी करायचं आणि आठवड्याला दीडशे मिनिटं भरभर चालायचं, एवढंच ठरवलं होतं. मधुमेह होण्याचं प्रमाण अठ्ठावन्न टक्क्यांनी घटलं. चेन्नईत आपल्याच लोकांवर असाच अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २००६ मध्ये आले. तिथं घट साडेअठ्ठावीस टक्के. बाकीचं सगळं ह्यांच्या डोक्यावरून गेलं, पण टक्केवारी बरोबर कानात शिरली.

"तिकडं अठ्ठावन्न आणि आपल्याकडं साडेअठ्ठावीस? मग मधले साडेएकोणतीस गेले कुठं?"

डॉक्टर हसून पुढच्या पेशंटकडं वळले. साडेएकोणतीस टक्के कुठं गेले ते शास्त्रज्ञ त्यांच्या पद्धतीनं सांगतील. माझा संशय कुणावर आहे ते पुढं येईलच.

घरी आल्यावर बातमी लपवायचा प्रश्नच नव्हता. शेजारच्या अण्णांचा पन्नास गुंठे ऊस आहे. त्यांनी कुंपणावरूनच विचारलं, "काय ओ, उतारा किती पडला?"

"सहा पॉइंट एक."

"आं? मग दर काय बसनार?"

दोघंही हसले. त्यानंतर ह्यांनी पेपरातलं जुनं कात्रण काढलं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीचा अहवाल २०२३ मध्ये आला होता. देशात मधुमेहाचे रुग्ण दहा कोटी दहा लाख आणि बॉर्डरवरचे तेरा कोटी साठ लाख, असं त्यात होतं. वाचून एखादा घाबरला असता. हे उलट खुलले. "तेरा कोटी साठ लाख सभासद! एवढी सभासदसंख्या असलेली संस्था आख्ख्या महाराष्ट्रात दाखव मला."

सभासद झाल्याची खबर लागताच सल्ले यायला लागले, आणि ते सगळे कडू होते. जांभळाच्या बियांची पूड, रात्रभर भिजवलेली मेथी, कडुलिंबाचा पाला, कारलं तर होतंच. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी काडेचिराइताचं पाणी आणून दिलं. त्यामागचा हिशेब उघड आहे. साखर गोड, म्हणजे वरून कडू ओतलं की दोन्ही एकमेकांना मारणार आणि शिल्लक शून्य. मेथीदाणे वाईट नाहीत, त्यातल्या तंतूंमुळे साखर जरा सावकाश शोषली जाते. पण मेथीचं पाणी प्यायलं म्हणून वरून खाल्लेला गुलाबजाम माफ होतो असं काही नाही. ह्यांनी मात्र कडू वाटीला परवाना मानलं. सकाळी तोंड वाकडं करून कारलं प्यायचं आणि दिवसभर त्याच्या जिवावर जगायचं.

त्यांचा दुसरा मुद्दा अंगयष्टीचा होता. "मी काय जाडा आहे का?" खरं आहे, हातपाय काटकुळे आहेत. फक्त शर्टाचं तिसरं आणि चौथं बटण यांच्यात गेली काही वर्षं तणाव आहे. यावर मी त्यांना पुण्याच्या डॉक्टर चित्तरंजन याज्ञिकांची गोष्ट सांगितली. ते आणि त्यांचे लंडनचे सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघांचा उंचीच्या मानानं वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. दिसायला सडपातळ, आत साठा भरपूर, हा आपल्या लोकांचा वाण आहे. ह्यांनी विचारपूर्वक मान डोलावली. "म्हणजे गोदामात माल आहे, फक्त स्टॉक रजिस्टरला दिसत नाही."

आहारतज्ज्ञ बाई आमच्या मुलीच्या वयाच्या होत्या. त्यांनी एवढंच सांगितलं, की आठवडाभर जे जे तोंडात जाईल ते लिहून आणा. ह्यांना हे फारच मानवलं. त्याच संध्याकाळी गणपती पेठेतून लाल कापडी पुठ्ठ्याची रोजकीर्द आणली, पहिल्या पानावर 'श्री' काढला, लाल शाईनं समास आखले. आठवड्यानंतर बाईंच्या टेबलावर ती उघडली तेव्हा मला अभिमानच वाटला. अक्षर मोत्यासारखं. 'सकाळी : चहा १ कप. नाश्ता : पोहे १ बशी. दुपारी : चपात्या २, भाजी, आमटी, भात (थोडा). सायंकाळी : चहा १ कप. रात्री : भाकरी १, भाजी.' आणि सगळ्यात खाली, रेघेच्या वर, एक नोंद रोज न चुकता : 'किरकोळ'.

बाईंचं बोट तिथंच थांबलं. "काका, किरकोळ म्हणजे काय?"

"किरकोळ म्हणजे... किरकोळ."

कुठल्याही संस्थेच्या हिशेबात हे खातं असतं. ज्या खर्चाला नाव द्यायची सोय नसते तो किरकोळात जातो. वर्षानुवर्षं तिकडं कुणी बघत नाही, आणि एखाद्या वर्षी कुणी बघितलं तर फार पंचाईत होते. बाईंनी बघितलं. म्हणाल्या, "पुढच्या वेळी याची फोड करून आणा."

फोड केली ती मी. ह्यांच्यावर सोपवली असती तर किरकोळातून 'इतर' निघालं असतं.

पहिली रक्कम चहाची. रोजकीर्दीत दोन कप होते, प्रत्यक्षात घराबाहेर आणखी तीन. फिरून येताना गाड्यावर एक. निवृत्त मंडळींच्या बाकावर एक, कारण पैसे दुसऱ्यानं दिलेले. आणि एक जिथं जातील तिथं. बिनसाखरेचा मागावा तर आमच्याकडं यजमानीणबाईंना घरात सुतक असल्यासारखं वाटतं. "अहो, बिनसाखरेचा कसा देऊ? चवीपुरती घातलीय." ही चवीपुरती साखर दोन चमचे असते. चहाच्या छोट्या चमच्यात सपाट भरली तर चार ग्रॅम बसते, आपण भरतो ती शिगोशीग. पाच कप म्हणजे दहा चमचे, किमान चाळीस ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घातलेली साखर दिवसाला पंचवीस ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम. म्हणजे सूर्य मावळायच्या आत आमची तरतूद संपून वर ओव्हरड्राफ्ट. आणि यात चहाबरोबरचं बिस्किट धरलेलं नाही. मारी बिस्किटाला आपल्याकडं खाण्यात धरतच नाहीत. आजाऱ्याला देतात, लहान मुलाला देतात, ते खाणं कसं असेल?

दुसरी रक्कम भडंगाची. सांगलीत राहून भडंग न खाणं म्हणजे पंढरपुरात राहून विठोबाला न जाणं. डबा टेबलावर उघडाच असतो. जाणारा मूठ भरतो, येणारा मूठ भरतो. चुरमुरे वजनाला हलके म्हणून 'हलकं खाणं' ही पदवी त्यांना मिळाली आहे. पण तांदूळ फुलवला की त्यातलं पिष्ट इतकं मोकळं होतं की पोटात गेल्यावर त्याची साखर व्हायला फारसा वेळ लागत नाही. मूठभर शेंगदाणे चुरमुऱ्यांत घालण्याऐवजी मूठभर चुरमुरे शेंगदाण्यांत घालावेत, असं बाईंनी सुचवलं. तसं करून बघितलं. ह्यांनी एक घास खाऊन विचारलं, "हे शेंगदाणे कुणी सांडले?"

तिसरी रक्कम बेदाण्यांची, आणि हिच्यात नात्याचा गुंता आहे. माझ्या नणंदेच्या घरी तासगावला द्राक्षबाग आहे. दर उन्हाळ्यात शेडवरून पाच किलोचं खोकं येतं, हिरवट, लांबट, पारदर्शक. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे, त्यामुळे त्याला नाही म्हणणं हा थेट जिल्हाद्रोह. पण बेदाण्याचं निम्म्याहून जास्त वजन साखरेचं असतं. साध्या मुठीत चार-साडेचार चमचे साखर सहज येते. द्राक्षं खाल्ली असती तर पाण्यानं पोट तरी भरलं असतं. दहा-बारा मणी खाऊन माणूस थांबतो. बेदाण्यात ते पाणीच उडालेलं, मग थांबायचं कशानं? फळ चावून खावं, सुकवलेलं मोजून खावं आणि रस काढून पिऊ नये, एवढं सूत्र बाईंनी दिलं. उसाचा रस तर बोलायचंच नाव नको. रसवंतीचे घुंगरू वाजले की ह्यांची पावलं आपोआप मंद होतात, आणि एका मोठ्या पेल्यात सात-आठ चमचे साखर निघते. "पण आलं-लिंबू घातलेलं असतं," असं ते म्हणतात.

चौथी रक्कम देवाची. प्रसादाला नाही म्हणायची आपल्यात पद्धत नाही आणि प्रसाद खाण्यात धरायचीही नाही. सत्यनारायणाच्या शिऱ्यात रवा सव्वा, तूप सव्वा, साखर सव्वा. इतका समतोल आहार दुसरा नसेल. नृसिंहवाडी आमच्यापासून इतकी जवळ की गुरुवारी कुणी ना कुणी जाऊन येतंच, आणि येताना पेढे, कवठाची बर्फी आणि बासुंदी यांपैकी एक तरी आणतं. कवठाच्या बर्फीबद्दल ह्यांचं म्हणणं असं, की कवठ हे फळ आहे.

बरं, हे स्वतः गुरुवार करतात. उपवास म्हटल्यावर साखर उतरेल असं कुणालाही वाटेल. पण आपला उपवास म्हणजे एका पिठूळ पदार्थाची दुसऱ्याकडं बदली. साबुदाणा तमिळनाडूत सेलमकडं होतो, कसाव्याच्या कंदातलं सत्त्व काढून. त्यात पिष्टाखेरीज जवळजवळ काही नसतं, प्रथिनं नाहीत की तंतू नाहीत. जे काही अन्नपण असतं ते शेंगदाण्याच्या कुटामुळं. वर बटाटा, बाजूला बटाट्याचा कीस, नंतर केळं. एवढं करून उपास सोडायला रात्री पुरणावरणाचा नाही तरी गोडाचा स्वयंपाक. माझ्या सासूबाई चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत आणि एकादशीला खरोखर ताक आणि दोन खजुरांवर राहतात. त्यांना लेकाची खिचडीची बशी दिसली की म्हणतात, "ह्यो उपास का पंगत?" पण हाच लेक बाहेर निघाला की "कोरड्या तोंडानं जाऊ नको" म्हणून हातावर गुळाचा खडाही त्याच ठेवतात.

गुळावरून घरात खटका उडाला. सासूबाईंच्या मते साखर कारखान्यातली, म्हणून वाईट. गूळ गुऱ्हाळातला, म्हणून घरचा. गुळात लोह असतं, खनिजं असतात, हे खरंच. पण खाली सगळा ऐवज उसाचाच, सुक्रोजच. त्यातलं लोह मिळवायचं म्हणून गूळ खायचा तर अगोदर साखरेची डोंगरयात्रा करावी लागेल, आणि तेवढं लोह मेथीच्या एका जुडीतही मिळतं. मी हे सांगितल्यावर त्या गप्प झाल्या. दुसऱ्या दिवशी खडा जरा लहान होता.

आता उरलंसुरलं. हे खातं ह्यांचं कमी आणि बायकांचं जास्त. आमच्या कॉलनीत बॉर्डरवर असलेल्या बायकांची यादी केली तर निम्म्या जणी "आम्ही तर काहीच खात नाही" अशा आहेत, आणि त्या खोटं बोलत नाहीत. त्या जेवतात कमीच. फक्त पातेल्यात राहिलेला वाटीभर भात, नातवानं टाकलेली गुळपोळी, डब्याच्या तळाचा शंकरपाळ्यांचा चुरा, दुधाच्या भांड्याची खरवड, हे सगळं त्या उभ्यानं संपवतात. उभ्यानं खाल्लेलं अंगाला लागत नाही अशी आपल्याकडं एक गुप्त समजूत आहे. "टाकून कसं द्यायचं?" हा प्रश्न रास्त आहे. उत्तर म्हणून मी भातच दोन मुठी कमी लावायला लागले. पहिले काही दिवस घरात दुष्काळ पडल्याची भावना होती.

पानातलं मात्र सुधारणं सोपं गेलं, कारण तिथं सगळं उघड्यावर असतं. रिपोर्ट आल्याबरोबर ह्यांनी मोठा त्याग म्हणून मटण सोडलं होतं. रविवारी खिन्न चेहऱ्यानं वांग्याच्या भाजीकडं बघत बसायचे. बाईंनी विचारलं, मटण का सोडलंत? मटणाच्या फोडींनी साखर चढत नाही. तांबड्या रश्शात कालवून तीन वेळा घेतलेला भात चढवतो. सोडायचं असेल तर तिसरा आणि दुसरा भात सोडा. हे ऐकून ह्यांच्या डोळ्यांत जो भाव आला तो मी लग्नातसुद्धा पाहिला नव्हता.

मग भाकरीचा प्रश्न. चपातीच्या जागी भाकरी आणा म्हटल्यावर घरात शाळूचं पोतं आलं, जतकडचं, पांढरंशुभ्र. भाकरी चांगलीच, तंतू जास्त, पोटात जरा टिकते. पण शाळूही धान्यच आहे. 'साखरेला चांगली' म्हणून ह्यांनी दोन चपात्यांच्या जागी तीन भाकऱ्या लावल्या. आमची भाकरी हॉटेलातल्या थाळीतली नव्हे, तव्याच्या कडेला भिडणारी. बाईंनी ताटाचे हातानं भाग करून दाखवले : निम्म्या ताटात भाजी, पालेभाजी, कोशिंबीर, काकडी, पाव ताटात उसळ, पिठलं, अंडं, मासा, मटण जे असेल ते, आणि उरलेल्या पाव ताटात भाकरी किंवा भात. ह्यांनी बारकाईनं बघितलं. "म्हणजे भाकरी आणि भात दोन्ही घ्यायचे तर प्रत्येकी आठवा हिस्सा." वारसनोंदीसारखं वाटप झालं.

खाण्याच्या क्रमाचंही आहे. न्यूयॉर्कमध्ये २०१५ साली एक छोटा प्रयोग झाला. तेच जेवण, तीच माणसं. एकदा ब्रेड आधी आणि एकदा भाज्या, चिकन आधी, ब्रेड शेवटी. दुसऱ्या प्रकारात जेवणानंतरची साखर बरीच कमी चढली. आपली पंगत नेमकी उलटी चालते. आधी वरणभात, मध्ये मसालेभात, शेवटी ताकभात, आणि काकडीची कोशिंबीर पानाच्या डाव्या कोपऱ्यात, बोट लावून ठेवण्यापुरती. आता आमच्याकडं पहिल्यांदा कोशिंबीर आणि उसळ वाढते, ती संपल्याशिवाय भाकरीचा डबा उघडत नाही. पाहुणे आले की त्यांना वाटतं भाकऱ्या व्हायच्यात. ते तोंड चालवत वाट बघतात आणि भाकरी येईपर्यंत त्यांची निम्मी भूक गेलेली असते. धान्याचा खर्चही कमी झालाय, हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

किती वेळा खायचं यावर बाकावरच्या मंडळींत दोन गट पडले. सांगलीत गट पडल्याशिवाय प्रश्न पुढं सरकत नाही. एक गट डॉक्टर जगन्नाथ दीक्षितांचा, दिवसातून दोनदाच आणि पंचावन्न मिनिटांच्या आत जेवणाऱ्यांचा. दुसरा ऋजुता दिवेकरांचा, थोडं थोडं, ठरावीक अंतरानं, तूप-भातासकट. ह्यांना दोन्ही गटांनी उमेदवारी देऊ केली. ते तटस्थ राहिले, कारण दोन्ही गटांच्या बैठकीत चहा असतो.

जेवणानंतरची शतपावली मात्र सगळ्यांना मान्य. चालताना पायाचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, इन्सुलिनवर फारसा भार न टाकता. म्हणून जेवण झाल्यावर दहा-पंधरा मिनिटं चाललं तरी फरक पडतो. ह्यांनी नावाप्रमाणं शंभर पावलं मोजली. शंभरावं पाऊल नेमकं पानपट्टीच्या पायरीवर पडत होतं. तिथं मसाला पान, आणि त्यात गुलकंद. गुलकंद म्हणजे गुलाबाच्या पाकळ्या आणि त्यांच्याएवढी किंवा त्यांच्याहून जास्त साखर. मी दिशा बदलायला लावली. आता रात्री आयर्विन पुलापर्यंत जाऊन येतो, नदीवर वारा असतो आणि वाटेत त्या वेळी एकही पानपट्टी उघडी नसते. मी आधी खात्री करून घेतली होती.

तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली. उतारा पाच पॉइंट नऊ. अण्णांनी कुंपणावरून हळहळ व्यक्त केली, "घसरला की ओ!" बाईंनी मात्र रोजकीर्दीच्या शेवटच्या पानावर बरोबरची खूण केली. आता किरकोळ खात्याच्या जागी तेरा उपखाती होती, प्रत्येकाची बेरीज ओढलेली, आणि बेदाण्यांना स्वतंत्र पान. कारखान्यातल्या सबंध नोकरीत ह्यांनी इतका चोख हिशेब ठेवला नसेल, असं मी म्हटलं तर त्यांना राग आला.

परवा भाच्याचं लग्न होतं. मठ्ठा-जिलेबीची पंगत, वाढपी उत्साही, आणि वर मामा म्हणजे मानाचं पान. मी पलीकडच्या ओळीत होते, मला पान दिसत नव्हतं. रात्री घरी आल्यावर ह्यांनी आधी कपडे बदलले नाहीत, रोजकीर्द काढली. मी खांद्यावरून वाचलं.

'कोशिंबीर : दोनदा. मटकीची उसळ : दोनदा. मसालेभात : १ मूद. मठ्ठा : १ वाटी. जिलेबी : निरंक.' त्याखाली, बारीक अक्षरात, 'व्याह्यांच्या पानातील जिलेबी : १, तसलमात.'

तसलमात म्हणजे नंतर मिटवायच्या बोलीवर दिलेली उचल. मी विचारलं, "अहो, ही मिटवणार कधी?"

त्यांनी टोपण लावून पेन खिशात ठेवलं. "पुढच्या गळीत हंगामात."